अंघोळ करूनच पाण्यात उतरावे

अक्का, पाणी अजून निवळलेलं नाही.

तुम्ही असता तर सकाळपासून मला हैराण केलं असतंत. "मंगल, निवळलं का गं?" आणि थोड्या वेळानं पुन्हा, "आता तरी निवळलं का?" मीही म्हणाले असते, की पाणी आहे ते, भजी नाहीत, तळली आणि काढली. आता विचारणारं कुणी नाही. म्हणून मीच उठते, काठावर जाऊन वाकते, तळाच्या निळ्या फरश्या दिसतात का बघते आणि परत खुर्चीत येऊन बसते. बसल्या जागी पाय हलत राहतो. तुमच्या भावाने दोनदा येऊन सांगितलं, की घरी चल, जेवून घे. मला भूक नाही आणि घरी जायचंही नाही. म्हणून शाळेतली जुनी वही काढून तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्हाला वाचायचा कंटाळा, हे माहीत असून.

तुमचा जलदान विधी नुकताच झाला. भंतेजींनी तांब्यातलं पाणी वाटीत ओतायला लावलं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. तुमच्या भावाचा हात धरून मीही ओतत होते. सगळे हात जोडून बसले होते आणि माझा कान मात्र मागे, बोअरच्या मोटारीकडे. तुम्ही आजारी पडायच्या आधी हौद रिकामा करून, घासून ठेवला होता. तो तसाच कोरडा राहिला आणि तुम्ही नांदेडच्या दवाखान्यातून परत आलाच नाहीत. मीच म्हटलं, की विधीच्या दिवशी हौद भरायला घ्यायचा. लोकांना विचित्र वाटलं असेल. एकीकडे वाटीत पाणी पडतंय, दुसरीकडे हौदात. मला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.

सगळं जग स्विमिंग पूल म्हणतं, तुम्ही शेवटपर्यंत हौदच म्हणालात. वारंगा फाट्यावरून डोंगरकड्याकडे वळलं, की आपलं निळं फाटक. सिस्टर म्हणून जन्मभर सरकारी दवाखान्यात सुया टोचल्या आणि निवृत्त झाल्यावर तुमच्या वाट्याच्या शेतात हा हौद बांधलात. लोक म्हणाले, म्हातारीला खूळ लागलं. तुमचा भाऊ म्हणाला, यापेक्षा धाबा टाकला असता तर चालला असता. तुम्ही त्याला म्हणालात, "बाळ्या, धाबा कुनी बी टाकतं." एवढंच. मी त्या वेळी तुमच्या बाजूने होते, पण फक्त मनात. तोंडाने मीही म्हणालेच होते, की पाण्याची परीक्षा कोण करणार? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. शाळेत विज्ञान शिकवणारी भावजय तुम्हाला फुकटात मिळाली होती.

तुम्हाला शेवटची अंघोळ आम्ही बायकांनीच घातली. मी डोक्याशी होते. केसांना साबण लावला, कानामागे चोळलं, मानेवरून पाणी सोडलं, आणि अक्का, मला हसू आलं. वाटलं, ही बाई नियम पाळूनच निघाली. शेजारणीला वाटलं मला हुंदका आला, तिने पाठीवर हात ठेवला. मग खरंच रडू आलं आणि थांबेना.

नियम म्हणजे ती पाटी. आत्ता मी जिथे बसलेय तिथून समोर दिसते. "अंघोळ करूनच पाण्यात उतरावे." खाली तुम्ही नंतर स्वतःच्या हाताने, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत घातलेलं, "सर्वांनी." पाटीशेजारी नळ, नळाखाली फरशी. तुम्ही घरून अंघोळ करून यायचात, तरी पुन्हा त्या नळाखाली सगळ्यांदेखत उभ्या राहायचात आणि मगच उतरायचात. मी म्हणायचे, आत्ताच तर केली. तुम्ही म्हणायचात, "मालकीणच कोरडी उतरली तर दुसऱ्याला कोन्त्या तोंडानं सांगू?"

ती पाटी लावली तेव्हा काय गहजब झाला होता. फाट्यावरचा तो मिशीवाला आठवतो ना, मोटारसायकलीवरून उतरल्या उतरल्या भडकला. "आमी काय पाणी बाटवून राहिलो का? अन् हे आमाला कोन सांगून राहिलं?" त्या 'कोन'मध्ये काय होतं ते तिथल्या सगळ्यांना कळलं. मी आत खोलीत होते. तुमचा भाऊ खाली बघत राहिला. तुम्ही मात्र नळ सुरू केलात, पाण्याची धार बघत म्हणालात, "बापू, पाणी जातीनं बाटत न्हाई, डोक्याच्या तेलानं बाटतं. या, बसा, परीक्षा दाखवते." आणि खरंच त्याला माझ्या परीक्षेच्या नळ्या दाखवायला लागलात, एक कुणीच न उतरलेल्या पाण्याची आणि एक तेल लावून उतरलेल्या पोरांच्या पाण्याची. तो गेला निघून. पण पुढच्या आठवड्यात आला आणि साबण घेऊन आला.

मला ठाऊक आहे ती पाटी कुठून आली. हौदाच्या रसायनात ती बरोबरच आहे, घाम, तेल, पावडर हे सगळं पाण्यातलं जंतू मारायचं औषध खाऊन टाकतं आणि पाणी मरतं. पण तुमची पाटी त्याच्या आधीची होती. तुमच्या लहानपणी गावातल्या त्या मोठ्या विहिरीवर आपल्या घरच्यांना पाय ठेवायची मुभा नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली की तो वरून ओतणार. आत, विहीर ज्यांची होती त्या घरची पोरं पाठीला सुकलेला भोपळा बांधून धपाधप उड्या मारत असायची. अंघोळ न करता, चिखलाच्या पायांनी. त्यात एक कमल होती, तुमच्याच वयाची. तुम्ही एकदाच सांगितलंत, कांदा चिरता चिरता. "मला तिचा राग न्हाई यायचा मंगल. मला फक्त पाणी दिसायचं." तुम्ही पोहायला शिकलात कालव्यात, अंगावरच्या परकरासकट, आणि घरी मार खाल्लात.

आता या पाण्याचं सांगते, कारण तुम्ही असता तर हेच आधी विचारलं असतं.

आपल्या बोअरचं पाणी जड, डाळ न शिजवणारं. त्यात यंदा लोखंड जास्त. मी म्हटलं होतं, आधी पीएच खाली आणू, मग बाकीचं. पण तुमच्या भावाला दम कुठला? तुमचाच भाऊ. मी शाळेत गेले तेवढ्यात त्याने टीसीएलची ब्लीचिंग पावडर थेट हौदात उधळली. ग्रामपंचायतवाले विहिरीत टाकतात तशी. मी आले तर सगळा हौद चहाच्या रंगाचा. पाण्यात विरघळलेलं लोखंड एका दमात गंजून बाहेर आलं होतं. हे काठावर उभे, तोंड एवढंसं झालेलं. मी ओरडणार होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. म्हणाले, "अक्काचा हौद मी घाण करून ठेवला." मग काय ओरडणार.

तेव्हापासून मी हेच करतेय. ॲसिड बादलीतल्या पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. तोंडाला ओढणी बांधून खोल बाजूने काठाकाठाने सोडायचं, पंप चालवायचा, थांबायचं, परीक्षा करायची, पुन्हा थोडं. मग तुरटी विरघळवून चौफेर शिंपडली आणि पंप बंद केला. आता गाळ आपोआप खाली बसू द्यायचा. इथे माणसाने काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं, आणि तेच मला जमत नाहीये. शेजारच्या शेतात हळद शिजून वाळली, आता फिरत्या लोखंडी ढोलात घालून पॉलिश चाललंय. त्याची पिवळी धूळ वाऱ्याने येऊन पाण्यावर बसते. मी जाळी घेऊन ती काढत फिरते. काढली की दुसरी येते.

घाई रविवारची आहे. रविवारी वसमतहून एक वऱ्हाड येतंय. तुमच्या भावाने तुम्ही दवाखान्यात असतानाच त्यांना हो म्हणून ठेवलं होतं. हळद खेळायची, नाचायचं आणि हळदीच्या अंगाने तसंच हौदात उतरायचं, आता असंच करतात सगळीकडे, मोबाइलवर फोटो छान येतात म्हणे. काल हे म्हणाले, "पाटी काढून ठेवू. त्यांना नळाखाली उभं केलं तर ते तोंडावर बोलतील अन् दुसरीकडं जातील." मी म्हटलं, पाटीला हात लावायचा नाही, ती अक्काची आहे. तर म्हणाले, "अक्कानंच मोडला की व्हता तो नियम. आठव."

अक्का, मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. कारण ते खरं आहे आणि तुम्ही मला त्याचं कारण कधी सांगितलं नाहीत.

त्या दिवशी पौर्णिमा होती. तुम्ही विहारात वंदना करून पांढऱ्या साडीतच इकडे आलात. हौद त्याही वेळी नुकताच भरलेला, तुम्ही सकाळी माझ्या आधी येऊन टीसीएल टाकून मोकळ्या झालेल्या, पीएच कुठल्या कुठे चढलेला. मी नळ्या घेऊन बसले होते. कमलबाईंच्या नातीची हळद होती, दुपारी सगळं घर आलं, वाजत गाजत. त्या विहिरीच्या घरची माणसं आपल्या फाटकातून आत येताना मी पहिल्यांदाच बघितली. तुम्ही पाटीशेजारी उभ्या होतात. मला वाटलं, आता खरी गंमत. आता ही बाई त्या घरातल्या एकेकाला नळाखाली उभं करणार. मी चक्क खुर्ची पुढे ओढली.

तेवढ्यात कमलबाई हळदीचं ताट घेऊन तुमच्यापाशी आल्या. तुम्ही जन्मभर लग्न केलं नाहीत, अंगाला हळद कधी लागली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी तुमच्या गालांना, मानेला, हातांना हळद माखली. काहीतरी बोलल्या, ढोलाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तुम्हीही काहीतरी बोललात. त्या पुन्हा बोलल्या. आणि तुम्ही नळाकडे बघितलंसुद्धा नाहीत. पांढऱ्या साडीत, हळदीच्या तोंडाने, साठी उलटलेल्या तुम्ही धावत गेलात आणि हौदात उडी मारलीत. तुमच्यामागे कमलबाई आणि मग सगळं वऱ्हाड.

मी खुर्चीतून उठलेच होते, तोवर दुसरंच झालं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे कुठल्या बाईला माहीत नाही? पण पाण्यात तसं होईल हे कुणाच्या ध्यानात येणार? टीसीएलमधला चुना, त्यात आपलं जड पाणी. बघता बघता सगळ्यांचे पिवळे कुर्ते, गाल, हात लाल व्हायला लागले. नवरीच्या अंगावरून लाल ओघळ. तिच्या आईने काठावरून हंबरडाच फोडला. कुणी म्हणालं, रगत, कुणी म्हणालं, अपशकून. ढोल थांबला. तुम्ही मधोमध उभ्या, तुमचे गाल सगळ्यांत लाल, आणि तुमचा तो दवाखान्यातला आवाज: "रडता काहून? हळद अन् चुना एक झाला की काय व्हतं?" लाल झालेला हात वर धरलात. "कुंकू व्हतं. पाण्यानं तुमच्या पोरीला कुंकू करून दिलं, अन् तुमी रडून राहिल्या. मी लावत न्हाई, पण कसं बनतं ते मला बी माहीत हाय." आधी कमलबाई हसल्या. मग सगळे. ढोल पुन्हा सुरू झाला.

वऱ्हाड गेल्यावर मी तुम्हाला सोडलं नाही. पाणी गढूळ, तळाशी हळदीचा राबडा, माझी सगळी मेहनत पाण्यात. म्हटलं, "फाट्यावरच्या गड्याला परीक्षा दाखवता, अन् स्वतः? तुमचाच नियम तुमीच मोडला. काहून?" तुम्ही साडी पिळत होतात. म्हणालात, "सांगते कधी." मी म्हटलं, त्या मोठ्या घरच्या आहेत म्हणून सोडलंत का? त्यावर तुम्ही पिळलेली साडी दोरीवर टाकायला गेलात. पुढे कितीदा मी हा विषय काढला. पोळ्या लाटताना, नांदेडच्या एसटीत, एकदा तर तुमचा रक्तदाब मोजताना. दर वेळी "सांगते कधी." त्या साडीचे डाग काही गेले नाहीत. मग तुम्ही सगळीच साडी हळदीच्या पाण्यात बुडवलीत, वाळवलीत आणि तिच्या पट्ट्या फाडल्या. पाण्यात पट्टी बुडवायची, लाल झाली तर पाणी चढलेलं, पिवळी राहिली तर बराबर. माझ्या नळ्यांना म्हणायचात, "तुझं ते बाटलीतलं राहू दे, माझी पट्टी खोटं बोलत न्हाई." खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते, असं मी म्हणायचे. पाणी खूप उतरलं तरी ती पिवळीच राहते. तेही भांडण अर्धवटच राहिलं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही मला एवढंच म्हणालात, "हौद भरला का?" मी म्हटलं, आधी बऱ्या व्हा. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपल्या. मला तेव्हा विचारायचं होतं, आणि दुसरंही काही सांगायचं होतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं कॉलेज अर्धवट सुटलेलं. तुम्ही सुट्टीत घरी आलात, माझ्या पेटीत रसायनाचं पुस्तक सापडलं आणि दुसऱ्या दिवशी मोरीत भांडी घासायला तुम्ही बसलात. म्हणालात, "भांडे मला येतात घासायला. हे पुस्तक मला येत न्हाई. ते तू वाच." घरात कुणाची बोलायची छाती झाली नाही. आज शाळेत फळ्यावर एखादं समीकरण जुळवते ना, ते तुमच्या त्या भांड्यांवर जुळतं. हे मी कधी बोलले नाही. आपल्यात असं बोलायची पद्धतच नव्हती. आपण पीएचवर भांडायचो.

इथवर लिहिलं आणि फाटक वाजलं, म्हणून वही मिटली. हे पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितेय.

फाटकात कमलबाई होत्या. काठी टेकत, एकट्या. मी आधी नीट बोललेच नाही, खरं सांगते. तुमच्या मातीला त्या आल्या नव्हत्या, जलदानालाही नाही, आणि मी ते मनात धरून होते. त्या हौदाच्या पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, "नातीकडं गेले व्हते पुण्याला, बाळंतपणाला. मला कुनी कळवलंच न्हाई गं. काल आले तवा कळलं. शारदी गेली म्हणून." तुम्हाला शारदी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. मी आत जाऊन पाणी आणून दिलं. त्या प्यायल्या, भांडं बाजूला ठेवलं.

मग मी विचारलं. तोंडातून सुटलंच. "कमलबाई, त्या दिवशी तुमी अक्काला काय म्हणल्या व्हत्या? हळद लावताना?"

त्यांना आठवावं लागलं नाही. म्हणाल्या, "मी म्हणलं, चल. तर ती म्हणली, थांब, नळाखाली जाऊन येते. मी म्हणलं, राहू दे गं. तशीच चल."

"मग?"

"मग ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणली, कमल, पुन्हा म्हण." कमलबाईंनी डोळ्याला पदर लावला. "मी म्हणलं, तशीच चल. अन् ती पळाली. मला वाटलं, हिला ऐकूच आलं न्हाई ढोलात, म्हणून पुन्हा म्हणाय लावलं. रात्री घरी गेल्यावर कळलं मला. आमच्या विहिरीवर ती घागर घेऊन उभी असायची. मी पाण्यातून बघायची तिला. मला तवाच म्हणता आलं असतं. म्हणले न्हाई. आमच्या घरात तसं म्हणायचंच नसतं, हे पोटातूनच शिकून आलो व्हतो आमी."

तुमच्यावर इतका राग आला, अक्का, की मला हे का सांगितलं नाहीत. आणि लगेच कळलं, की सांगितलं असतं तर मी त्याचाही वाद घातला असता. म्हणाले असते, मग त्याने पीएच बदलतो का?

संध्याकाळी हे आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पाटीचा विषय मीच काढला. म्हटलं, पाटी राहील. हळद बाहेर अंगणात खेळा, हवं तेवढं नाचा, मग नळाखाली या, साबण मी देते. त्याच्यावर वऱ्हाड जाणार असेल तर जाऊ दे. हे पाटीपाशी जाऊन उभे राहिले. बहीण कधीच उघड न बोललेली गोष्ट भावाला माहीत असते की नसते, मला कळत नाही. एवढंच म्हणाले, "एका नळावर सगळं वऱ्हाड केव्हा व्हायचं?" आणि पाने-पकड घेऊन दुसरा नळ बसवायला गेले. वाकून काम करता करता पाठमोरेच म्हणाले, "कमलबाई रविवारी येणार हायेत का?" मी म्हटलं, हो, आणि त्यासुद्धा नळाखाली उभ्या राहणार आहेत, आपणहून म्हणाल्यात.

आज सकाळी मी लवकर आले. तुरटीने सगळा गाळ तळाशी धरला होता, तांबूस पातळ साय. न ढवळता, हळूहळू नळीने ओढून काढला, अर्धी सकाळ गेली. मग पंप सुरू केला. टीसीएल बादलीत कालवून ठेवली, चुना खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी तेवढं सोडलं, तुम्हाला कधीही जमलं नाही तसं, दमाने. नळ्यांनी परीक्षा केली. बरोबर आलं. तरी माझं समाधान होईना. म्हणून तुमच्या पट्ट्यांचा डबा उघडला आणि एक पट्टी काढली. काठाची होती, तिच्यावर साडीची बारीक किनार होती. पाण्यात बुडवली, वर काढली, उन्हात धरली. पिवळीच राहिली. उगाच परत बुडवली.

आता ऊन हौदात तळापर्यंत गेलंय. खोल बाजूच्या फरशांमधल्या रेघासुद्धा दिसतायत. पाय हलायचा थांबला आहे, हे आत्ताच लक्षात आलं. रविवारी फाटक उघडेल, लोक येतील, नळाखाली उभे राहतील. 'सर्वांनी' लिहिलंय तर सर्वांनी, मीही. पण त्याला अजून वेळ आहे. आज इथे कुणी नाही.

अक्का, पाणी निवळलं. नळाचं राहू द्या. तुम्ही तशाच चला.